उतार आमचा, दार त्यांचं

फळी गेल्याचं मला सकाळी दूध आणायला निघालो तेव्हा कळलं. बागेच्या दारापाशी, रखवालदाराच्या खोपटामागे मी ती कुंपणाला टेकवून ठेवली होती. कुंपण होतं, खोपटं होतं, रखवालदारही होता, फळी नव्हती. आणि रखवालदार माझ्याकडे बघत नव्हता. एरवी हा माणूस गवताला कुणाचा पाय लागला तरी शिट्टी वाजवतो. आमच्या गल्लीत त्याचं नावच शिट्टी पडलं आहे. त्या सकाळी एक कुत्रं सरळ फुलांच्या वाफ्यातून गेलं आणि शिट्टी आपला नखं बघत उभा राहिला. तिथेच मला पहिला संशय आला.

मी मूळचा संशयी माणूस नाही. बायको होती तोवर आमच्या घरात संशयाचं खातं तिच्याकडे होतं. दुधातलं पाणी, भाजीवाल्याच्या तराजूखालचा चुंबक, इस्त्रीहून आलेली दुसऱ्याचीच उशीची खोळ, सगळं ती पकडायची आणि मी म्हणायचो, "असू दे गं." घरात एकाने संशय घ्यावा आणि दुसऱ्याने असू दे म्हणावं, अशी वाटणी असली की संसार चालतो. ती गेली आणि दोन्ही कामं माझ्याकडे आली. पण 'असू दे' म्हणायला समोर कुणीतरी संशय घेणारं लागतं, त्यामुळे ते काम बंदच पडलं. संशय तेवढा राहिला.

शिवाय मी आयुष्यभर बस आगारात सुट्या भागांचं भांडार सांभाळलं आहे. माझ्या भांडारातून कधी एक नट हरवला नाही. अशा माणसाची अख्खी फळी जाते म्हणजे काय?

आता या फळीचं थोडं सांगायला हवं. आमच्या तळमजल्यावरच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बाग. बागेत तळं आहे, बाकं आहेत, सावली आहे. आणि दारात तीन पायऱ्या आहेत. तीन पायऱ्या म्हणजे काहीच नाही, असं ज्यांचे पाय चालतात ती सगळी माणसं सांगतात. माझी बायको शेवटची काही वर्षं चाकाच्या खुर्चीत होती. रोज संध्याकाळी मी तिला त्या पायऱ्यांपर्यंत न्यायचो आणि आम्ही खालीच थांबायचो. आत जाणारे म्हणायचे, "अहो, आम्हाला सांगत जा ना, चौघं मिळून उचलू." ती हसून म्हणायची, "नको, इथे बरं वाटतंय." घरी परतताना मला म्हणायची, "मी काय कपाट आहे?" त्या पायऱ्यांच्या खालून तळं दिसत नाही. बागेच्या नियमांचा फलक दिसतो. तो तिला पाठ झाला होता.

ती गेल्यावर ती खुर्ची ताईंकडे आली. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. धाकटीच्या आजारपणात मदतीला म्हणून आल्या आणि राहिल्या. त्यांचे दोन्ही गुडघे शिवणयंत्राने खाल्ले. गावातल्या निम्म्या मुलींना त्यांनी कापड कापायला आणि खाली मान घालून बसायला शिकवलं. बहीण गेल्यापासून त्यांनी उंबरठा ओलांडला नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज बाहेर काढा. नाहीतर आज खुर्चीत आहेत, उद्या पलंगावर असतील, आणि तिथून मग उठणार नाहीत."

मी ठरवलं, ताईंना तळ्याकाठी न्यायचं. ताई म्हणाल्या, "नेता तर न्या. पण उचलायचं नाही. मला चौघांनी उचलायची वेळ अजून यायची आहे, आणि तेव्हा मी तक्रार करणार नाही."

म्हणून फळी. आमच्या जेवणाच्या टेबलाला पाहुणे आले की मधे घालायचा एक जादा पाट होता. चांगलं जाड लाकूड, खुर्चीची दोन्ही चाकं मावतील एवढा रुंद. एका कडेला गोल काळा डाग, कुणीतरी कधीतरी तापलेलं भांडं ठेवल्याचा. पाहुणे येणं बंद झालं होतं. मी पाट काढला आणि बागेच्या पायऱ्यांवर टाकला.

आमच्या समोरच्या दारात वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले साहेब राहतात. त्यांच्या खिशात अजून फीत असते. त्यांनी ती काढली, फळीला लावली आणि मान हलवली.

"बाराला एक पाहिजे," ते म्हणाले. "म्हणजे एक वीत चढायला बारा वीत लांबी. ही जेमतेम तीनाला एक आहे. याला उतार नाही म्हणत, घसरगुंडी म्हणतात."

"साहेब, तुम्ही जरा पुढून धरता का?"

"मी सल्ला देतोय ना."

शिट्टी आला. त्याने फळीकडे बघितलं, फलकाकडे बघितलं. "बागेत फर्निचर आणायला मनाई आहे."

"हे फर्निचर नाही, फळी आहे."

"टेबलाची आहे. खाली खाचा दिसतायत."

असा सगळा पाठिंबा मिळाल्यावर मी ताईंची खुर्ची फळीवर चढवली. पुढची चाकं वर गेली. ताईंनी खाली बघितलं. "मागे घ्या," त्या म्हणाल्या.

"ताई, मी घट्ट धरलंय."

"भाऊजी, मागे घ्या म्हटलं ना. डोकं गरगरतंय."

मी मागे घेतली. उतार फार उभा झाला, हे साहेबांचं म्हणणं खरं ठरलं आणि त्यांनी ते घरापर्यंत तीनदा सांगितलं. मी मनात म्हटलं, उद्या खालून ठोकळे लावू, वर रबराची पट्टी ठोकू. फळी खोपटामागे ठेवली, ताईंना घरी सोडलं आणि चक्कर थांबायच्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेलो. सकाळी फळी नाही.

मी तपास सुरू केला. पहिला शिट्टी.

"फळी कुठे आहे?"

"कुठली फळी?"

"काल तुम्ही जिच्या खाचा मोजल्यात ती."

"माझी ड्यूटी दाराच्या आत. फळी दाराबाहेर होती."

"तुमचं खोपटंही दाराबाहेरच आहे."

"म्हणूनच मी तिथे बसत नाही," तो म्हणाला, आणि वाफ्यातल्या कुत्र्यामागे धावला. ते तोपर्यंत पार पलीकडच्या गल्लीत गेलं होतं.

बागेसमोर चहाची टपरी आहे. टपरीवाल्याने नेमकं त्याच आठवड्यात नवं बाकडं टाकलं होतं. लाकूड जाड होतं. मी चहा मागवला, बाकड्यावर बसलो, हाताने लाकूड चाचपलं. वर डाग नव्हता. पण फळी उलटी ठोकता येते, हे भांडार सांभाळलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मी खाली वाकलो. नीट दिसेना म्हणून गुडघे टेकले. तरी दिसेना म्हणून मग पाठीवर झोपलो.

"काका," वरून टपरीवाला म्हणाला, "चहा वर ठेवलाय."

"मी एक डाग शोधतोय."

"मग तो इथे कसा असेल? गोल डागाचं लाकूड आमच्याकडे नाही."

मी बाकड्याखालून बाहेर आलो. माझ्या सदऱ्याला कालचा चहा, बिस्किटं आणि आणखी काय काय लागलं होतं. पण मी शांतपणे विचारलं, "डाग गोल आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो गडबडला. मग म्हणाला, "डाग गोलच असतात, काका. चौकोनी डाग तुम्ही बघितलाय का?" आणि त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. चहावाला पैसे घेत नाही याहून मोठा पुरावा काय असतो?

घरी येऊन मी साहेबांना हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती.

"हे काय झालं?"

"भाजी चिरताना कापलं."

साहेब भाजी चिरत नाहीत, हे आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. साहेबांनी सुरी हातात घेतली तर त्यांची बायको पोलीस बोलावेल. पण संशय साठवून ठेवावा, लगेच खर्चू नये, असं ती म्हणायची.

"इथे विचारून काही होणार नाही," साहेब घाईने म्हणाले. "उद्यान खात्यात जा. लेखी द्या. मी येतो बरोबर."

उद्यान खातं पालिकेच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र आहे आणि वर जायचा बाण आहे. ते बघून साहेब फीत काढायला लागले, मी त्यांना पुढे ढकललं.

तिथल्या बाईंनी माझं म्हणणं ऐकलं. त्या मटार सोलत नव्हत्या, फोनवर बोलत नव्हत्या, नीट ऐकत होत्या. त्यामुळे मी जास्तच सावध झालो.

"म्हणजे फळी तुम्ही आमच्या पायऱ्यांवर टाकली होती," त्या म्हणाल्या.

"हो."

"परवानगी?"

"तीन पायऱ्यांना कसली परवानगी?"

"मग ते अतिक्रमण झालं. अतिक्रमण चोरीला जात नाही, काका. ते हटवलं जातं."

"म्हणजे तुम्ही हटवलं?"

"आम्ही हटवलं असतं तर तुम्हाला नोटीस आली असती. नोटीस आली का? नाही. म्हणजे ते अजून तिथेच आहे."

मी साहेबांकडे बघितलं. साहेब छताकडे बघत होते.

"शिवाय," बाई म्हणाल्या, "त्या बागेला फळी लागतेच कशाला? तिथे उतार झालेला आहे. मागच्या बाजूला. फोटोसुद्धा आहे."

आयुष्यभर त्या बागेसमोर राहून मला तिचा उतार माहीत नव्हता. बाई खोटं बोलत असणार, असं मी धरून चाललो. आम्ही बागेला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. आणि तिथे खरोखर उतार होता. असा उतार मी पाहिला नव्हता. दोन्ही बाजूंना कठडे, धरायला गुळगुळीत नळी, मधे विसाव्याला सपाट जागा, खाली पाय न घसरणाऱ्या फरशा. साहेबांनी फीत लावली, पुसली, पुन्हा लावली. "बाराला एक," ते म्हणाले. "अगदी बाराला एक."

आम्ही वर चढून गेलो. वर भिंत होती.

आपण चुकून दुसरीकडे आलो असं वाटून मी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कठडे दोन्हीकडून येऊन छातीएवढ्या भिंतीला टेकले होते. दार नव्हतं, फट नव्हती. भिंतीवर एक वेल होती आणि वेलीखाली पाटी: सर्वांसाठी बाग.

आम्ही पुन्हा दुसरा मजला चढलो. "बाई, उताराला दार नाहीये."

"दार बांधकाम खात्याचं. उतार आमचा, दार त्यांचं. आमचं काम मुदतीच्या आधी झालं," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर खरा अभिमान होता.

बांधकाम खातं तिसऱ्या मजल्यावर. तिथले अभियंता तरुण होते, भले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. "आम्ही मुद्दामच थांबलो होतो," ते म्हणाले. "आधी भिंतीत दार पाडलं असतं आणि बाहेर उतार नसता, तर माणूस दारातून सरळ खाली पडला असता."

"आता उतार झालाय."

"हे आम्हाला कुणी कळवलं नाही. शिवाय आता भिंतीला हात लावायचा तर उद्यान खात्याची ना-हरकत लागेल. वेल त्यांची आहे."

"भिंत?"

"भिंत आमची."

घरी आलो तो पायांत गोळे आले होते. ताईंना म्हटलं, "एकाने उतार बांधला, दुसऱ्याने दार ठेवलं नाही, आणि फळी तिसऱ्याने पळवली. हा सगळा एक कट आहे." ताई म्हणाल्या, "असेल." एवढंच. ताई एका शब्दात कधी बोलत नाहीत. मी त्यांना चक्करेची गोळी दिली, ती त्यांच्या हातून निसटली आणि घरंगळत पलंगाखाली गेली.

"राहू द्या, दुसरी द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, सापडेल ना."

"भाऊजी, राहू द्या म्हणते ना. मला चक्कर नाहीच येत मुळी."

मी तोपर्यंत खाली वाकलो होतो. त्या दिवसांत मला कशाखालीही वाकायची सवय झाली होती. पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबरुंद होतं. चादर बाजूला केली. गोल काळा डाग माझ्याकडे बघत होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात. मी बाकड्याखाली झोपलो होतो, दोन खात्यांचे जिने चढलो होतो, आणि फळी माझ्या छपराखाली होती. मी जमिनीवर बसूनच विचारलं, "कुणी आणली?"

"मी फोन केला साहेबांना. तुम्ही औषधाला गेला होतात. ते आणि तो शिट्टीवाला, दोघांनी आणली. रस्ता ओलांडताना टपरीवाल्याने तिसरी बाजू धरली. लाकडाची कूस घुसली साहेबांच्या अंगठ्यात."

म्हणजे अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी ज्याच्याकडे गेलो तो प्रत्येक जण चोर होता. माझा एकही संशय चुकला नव्हता, फक्त चोरी माझ्या घरातून झाली होती. याचं समाधान मानावं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पण का?"

ताईंनी खिडकीबाहेर बघितलं. "तो डाग माझा आहे. तुमच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा आले तेव्हा चुलीवरचं भांडं तसंच ठेवलं टेबलावर. नवं टेबल. मला वाटलं आता ही मला हाकलते. ती काही बोलली नाही. पुढे सगळी वर्षं, मी आले की माझं ताट त्या डागावर मांडायची. म्हणायची, ही तुझी जागा. आणि तुम्ही चाक चढवलंत ते नेमकं त्याच्यावर. मी खाली बघितलं तर..." त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही इतक्या हौसेने नेत होतात. मग म्हटलं डोकं गरगरतंय."

आमच्या लग्नापासून मी त्या टेबलावर जेवलो, आणि ताईंचं ताट कायम एका कडेला का असतं ते मला कधी दिसलं नव्हतं. गोळी सापडली ती मीच घेतली.

थोड्या वेळाने ताई म्हणाल्या, "तो उतार खरंच आहे का?"

"आहे. पण पुढे भिंत आहे."

"भिंतीपर्यंत तर जाता येतं ना? मग न्या."

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही मागच्या गल्लीत गेलो. साहेबांनाही मी बरोबर घेतलं, त्यांच्यावर नजर ठेवायला सोपं. मी खुर्ची ढकलायला गेलो तर ताईंनी माझे हात बाजूला केले आणि कठड्याची नळी धरून, स्वतःच्या हातांनी खुर्ची ओढत वर गेल्या. मधल्या सपाट जागेवर थांबल्या, दम घेतला, पुन्हा निघाल्या. वर पोचल्या तेव्हा भिंत त्यांच्या हनुवटीएवढी होती. पलीकडे तळं होतं.

त्यांनी भिंतीवर हनुवटी टेकवली. मग म्हणाल्या, "बदकं आहेत. तिने कधी सांगितलं नाही."

"ती खुर्चीत बसल्यावर आली बदकं. तिला दिसली नव्हती," मी म्हटलं.

तळ्याकाठी काही मंडळी रोज व्यायाम म्हणून मोठमोठ्याने हसतात. त्यांना अचानक भिंतीवर एक डोकं दिसलं आणि त्यांचं हसणं एकदम बंद पडलं. मग ताई हसायला लागल्या. बहीण गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मीही तिकडेच बघत राहिलो, आणि तिथेच घात झाला. उताराखाली बांधकाम खात्याचे भले अभियंता पाहणीला आले होते, आणि त्यांनी त्याच क्षणी फोटो काढला.

आठवड्याने मी तिसऱ्या मजल्यावर गेलो तर ते आनंदात होते. "काका, तुमचं काम झालं. सुविधा वापरात आहे, लाभार्थी समाधानी आहेत. फोटो जोडलाय. आता दाराची तातडी उरली नाही."

"अहो, त्या भिंतीला बघून हसत होत्या."

"म्हणजे भिंतीबद्दलही समाधानी आहेत."

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी जातो, पण कडक बंदोबस्तात. साहेब उताराखाली उभे राहून कुणी फोन काढतंय का बघतात. शिट्टी आतल्या बाजूने शिट्टी वाजवून इशारा देतो. पलीकडच्या इमारतीतले एक आजोबा आता आपल्या खुर्चीतून येतात, एक आई आपल्या मुलीची खुर्ची घेऊन येते, आणि मी प्रत्येकाला वर जाण्याआधी बजावतो, "बदकं बघा, पण हसू नका. फोटो काढतील."

"सुतकी चेहरा करून बसायचं की काय?" ताई विचारतात.

"दार होईपर्यंत."

"मग माझं काही खरं नाही," त्या म्हणतात, आणि तोंडाला पदर लावून हसतात. माझा सगळ्यात जास्त संशय आता त्यांच्यावरच आहे.

मी दोन्ही खात्यांना नवा अर्ज दिला आहे. वेल अजून कुणी हलवलेली नाही. भिंत आहे तशीच आहे. ताई अजून बागेत गेलेल्या नाहीत.